सहा वाट्या : जपानी घरातली तीळ-पालकाची भाजी



मागच्या अशोक विजयादशमीला आम्ही सहकुटुंब नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो. परतीच्या एस.टी.त पाय ठेवायला जागा नव्हती. वर्धा मागे पडले, कळंब अजून यायचे होते. मांडीवर पेंगत असलेल्या आमच्या सात वर्षांच्या नातीने एकदम डोळे उघडले आणि विचारले, "आजी, ते जपानचे भन्तेजी त्यांच्या गावी काय खात असतील? भाकर का भात?" आजूबाजूचे प्रवासी हसले. आम्ही 'भात' म्हणून वेळ मारून नेली. "अन् भाजी कायची?" या पुढच्या प्रश्नाला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हते.

प्रश्न लहान मुलीचा, पण विचार करायला लावणारा. जपान आपल्याला तसा परका नाही. भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई १९६० च्या दशकात जपानहून नागपूरला आले आणि इथलेच झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस विहार १९९९ साली जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीने उभे राहिले. आपल्या शेजारच्या वर्ध्यात जपानी भिक्खूंच्या पुढाकाराने बांधलेला विश्वशांती स्तूप १९९३ पासून आहे. आपण तिथे जातो, हात जोडतो, मुलाबाळांसह फोटो काढतो. पण त्या देशातल्या साध्या माणसाच्या घरी चुलीवर काय शिजते, हे आपण कधी विचारले नाही. एका पोरीने ते विचारले.

घरी आल्यावर आम्ही थोडी पुस्तके चाळली, चार जाणत्यांना विचारले. मग जी भाजी सापडली ती पाहून आम्हीच चकित झालो. कारण तिला लागणारे बहुतेक सामान आमच्या फळीवरच्या डब्यांत होते.

जपानी ताट कसे असते

जपानी घरातले रोजचे जेवण म्हणजे भात, 'मिसो'चे पातळ सूप, थोडे लोणचे आणि सोबत एक, दोन किंवा तीन लहान तोंडीलावणी. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेला खारट लगदा. ही तोंडीलावणी पोट भरण्यासाठी नसतात. चार-पाच घास, एवढेच. त्यातलेच एक अगदी घरगुती तोंडीलावणे म्हणजे 'होरेन्सो नो गोमा-आए'. नाव ऐकून दचकू नये. 'होरेन्सो' म्हणजे पालक, 'गोमा' म्हणजे तीळ, आणि 'आए' म्हणजे कालवलेले. तिळात कालवलेला पालक, झाले! यात फोडणी नाही, तेल नाही, मिरची नाही, कांदा-लसूणही नाही.

तीळ तर आपलेच. तिळाचे मूळ भारतीय उपखंडात आहे असे वनस्पतीशास्त्रज्ञ मानतात, आणि हडप्पाच्या उत्खननात हजारो वर्षांपूर्वीचे जळलेले तीळ सापडले आहेत. म्हणजे इथले बी तिकडे गेले आणि तिकडच्या वाटीतून आता आपल्याकडे परत आले, असे म्हणायला हरकत नाही. पालक मात्र मूळचा इराणकडचा. त्यातही आपल्या बाजारात जो जाड, रुंद पानांचा पालक मिळतो तो बहुतेक वेळा बीटाच्या जातीचा असतो. जपानी होरेन्सो त्याहून वेगळी. पण या कृतीला दोन्ही चालतात.

आता राहिला सोया सॉस. नूडल्सच्या गाडीवर दिसते ती काळी बाटली. आपल्या जिल्ह्यात कपाशीच्या जोडीला सोयाबीन शेतोशेत दिसते. ते पेरणारे, निंदणारे, सोंगणारे हात आपलेच आहेत. पण ते खळ्यातून मार्केट यार्डात जाते आणि तिथून तेलाच्या कारखान्यात. आपल्या घरात येते ते फक्त तेलाच्या पुड्यातून. जपानमध्ये त्याच सोयाबीनमध्ये गहू आणि मीठ घालून महिनोन् महिने आंबवतात आणि त्याचा सॉस करतात. असो. किराणा दुकानात लहान बाटली मिळते आणि ती बरेच दिवस पुरते. नसेल तर मिठावर भागते. चव थोडी वेगळी लागेल, इतकेच.

साहित्य (सहा माणसांसाठी)

पालकाच्या तीन मध्यम जुड्या, तीळ पाच पोह्याचे चमचे, सोया सॉस दीड ते दोन पोह्याचे चमचे, बारीक चिरलेला गूळ दोन लहान चमचे. मीठ चिमूटभर, तेही पाण्यात घालण्यासाठी. सॉस नसेल तर चवीपुरते मीठ आणि दोन चमचे कोमट पाणी.

पालक शिजवून पिळला की अगदी थोडासा उरतो, हे ध्यानात ठेवूनच जुड्या घ्याव्यात.

कृती

पहिले काम पालक धुण्याचे. देठांच्या बुडाशी माती असते. मोठ्या गंजात पाणी घेऊन पालक तीन वेळा बुडवून काढावा. तळाशी माती दिसेनाशी झाली की समजावे झाले. पाने आत्ता चिरू नयेत, अख्खीच ठेवावीत. जून देठ काढून टाकावे.

दुसरे काम तीळ भाजण्याचे. कोरड्या तव्यावर मंद आच ठेवून तीळ हलवत राहावे. दोन-चार तीळ उडू लागले आणि खमंग वास आला की लगेच ताटात काढावे. तवा गरम असतो, त्यात ठेवले तर गॅस बंद केल्यावरही जळतात. मग खलबत्त्यात जाडसर कुटावे. अर्धे फुटलेले, अर्धे पीठ झालेले, असे हवे. फार कुटले तर तेल सुटून गोळा होतो. जपानी घरात यासाठी आतून रेघा असलेले मातीचे भांडे आणि लाकडी दांडका असतो. आपला खलबत्ता किंवा पाटा तेच काम करतो. मिक्सर असेल तर एकदाच क्षणभर फिरवून थांबवावा. तीळ कुटण्यामागे चवीखेरीज आणखी कारण आहे. अख्खा तीळ न चावता गिळला तर तसाच पोटातून निघून जातो. फुटलेला तीळ अंगी लागतो.

कुटलेल्या तिळात गूळ आणि सोया सॉस घालून कालवून ठेवावे.

तिसरे काम पालकाचे. मोठ्या गंजात भरपूर पाणी खळखळ उकळावे, चिमूटभर मीठ टाकावे. पालकाची जुडी हातात धरून आधी फक्त देठ पाण्यात सोडावे, मनात तीसपर्यंत आकडे मोजावे, मग पाने आत ढकलावी. आणखी तीस-चाळीस आकडे मोजले की झाले. झाकण ठेवू नये, रंग काळपटतो. झाऱ्याने काढून लगेच थंड पाण्यात टाकावा. माठाचे पाणी उत्तम. गार झाला की दोन्ही हातांनी दाबून पाणी काढावे, दीड-दोन बोटे लांबीचे तुकडे करावे आणि पुन्हा एकदा पिळावे. हे दुसरे पिळणे विसरू नये. नाहीतर वाटीत पाणी सुटते आणि सगळी चव वाहून जाते.

तिळाचे कालवण आणि पालक जेवायला बसायच्या वेळीच एकत्र करावे. आधी करून ठेवू नये.

उकळलेले पाणी फेकायचे का, असा प्रश्न भगिनींना पडेल. भाजीचे पाणी फेकू नये हे आपण ऐकत आलो आहोत आणि ते खरेही आहे. पाण्याबरोबर काही जीवनसत्त्वे जातात. पण पालकात ऑक्झॅलेट नावाचा पदार्थ भरपूर असतो. तो कॅल्शियमला धरून ठेवतो आणि शरीराला मिळू देत नाही. उकळून पाणी टाकले की त्यातला बराचसा निघून जातो. म्हणून या एका भाजीत पाणी फेकावे, पण उकळायचा वेळ मिनिटाच्या वर फारसा जाऊ देऊ नये. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी पालक डॉक्टरांना विचारूनच खावा.

आमची फजिती

पहिल्या दिवशी आम्ही तीळ मोठ्या आचेवर ठेवले आणि दारात आलेल्या शेजारणीशी बोलत उभे राहिलो. तीळ काळे झाले. तसेच कुटले, तर सगळी भाजी कडू. दुसऱ्या दिवशी सॉस अंदाजाने ओतला. ती बाटली दिसते पाण्यासारखी, पण मिठाची खाण आहे. भाजी खारट झाली. तिसऱ्या दिवशी जमले.

सासूबाईंनी पहिला घास तोंडात घालायच्या आधीच निकाल दिला. "अवो माय, हे तं बिमाराचं खाणं झालं. ना फोडणी, ना ठेचा." मग चाखले. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, "तिळाच्या चटणीवानी लागते. भाकरीसंगं चालते." आम्हाला एवढी पावती पुष्कळ होती. भाताबरोबर तर चांगली लागतेच, पण ज्वारीच्या भाकरीबरोबर त्याहून चांगली लागते असे आमचे मत आहे. नातीने तर आपल्या शाळेत सांगून टाकले की आमच्या घरी जपानची भाजी होते.

गंज रिकामा कसा झाला

आता जी गोष्ट सांगायची आहे ती या तिसऱ्या दिवसाची.

भाजी जमली म्हणून आम्ही आनंदात होतो. नेहमीप्रमाणे गंज मध्ये ठेवला आणि वाढू लागलो. मुलगा ऑटो चालवून आला होता, त्याला वाढले. मुलाच्या वडिलांना वाढले. नातीने पुन्हा मागितली, तिला दिली. सासूबाईंनाही आग्रह केला. शेवटी आम्ही आणि सूनबाई जेवायला बसलो तेव्हा गंजाच्या तळाशी दोन तुकडे आणि चार तीळ होते. सूनबाईने गंजात भाकरीचा तुकडा फिरवला आणि मिरचीच्या भुरक्यासोबत जेवून उठली. काही बोलली नाही. आम्हीही काही बोललो नाही. रोजचेच होते ते.

त्याच आठवड्यात वस्तीत आरोग्य तपासणी झाली आणि सूनबाईचे हिमोग्लोबिन साडेआठ निघाले. तपासणाऱ्या ताईंनी विचारले, "हिरवी भाजी खाता ना?" सूनबाई म्हणाली, "घरात रोज असते." उत्तर खरे होते. भाजी घरात रोज असते. तिच्या ताटात किती येते, हे त्यांनी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

आम्ही त्या रात्री झोपू शकलो नाही. दोष कोणाला द्यायचा? घरात कोणी तिला खाऊ नको म्हटले नव्हते. नवऱ्याने नाही, सासऱ्याने नाही. वाढणारे हात आमचे होते. आमच्या सासूने आम्हाला शेवटी बसवले, आम्ही हिला शेवटी बसवले. आपण समतेवर भाषणे ऐकतो, टाळ्या वाजवतो. समता ताटापर्यंत आली आहे का, हे पाहायचे राहून गेले.

ही एका घराची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायांपैकी सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. अनेक घरांत भाजी शिजते आणि शिजवणारीच्या वाट्याला गंज पुसणे येते.

वाटी आधी, माणूस मग

तेव्हा आम्हाला जपानी ताटाची एक गोष्ट पुन्हा आठवली. वाचताना ती आम्ही सोडून दिली होती. तिकडे गोमा-आए बहुधा मोठ्या भांड्यात मध्ये ठेवत नाहीत. 'कोबाची' नावाची लहान खोलगट वाटी असते. जितकी माणसे तितक्या वाट्या, आणि प्रत्येकीत सारखी भाजी भरलेली. ही वाटी माझी, ती तुझी. जेवायला आधी बसा, नाहीतर उशिरा बसा, तुमची वाटी तुमची वाट पाहत असते.

जपानमधल्या विहारांतल्या स्वयंपाकाची परंपरा जुनी आहे. तेराव्या शतकात दोगेन नावाचे जपानी भिक्खू शिकण्यासाठी चीनला गेले. साल १२२३. त्यांचे जहाज बंदरात उभे असताना एक म्हातारा भिक्खू जहाजावर अळंबी विकत घ्यायला आला. तो सम्राट अशोकाचे नाव असलेल्या विहाराचा आचारी होता. हो, आपल्याच अशोकाच्या नावाचे ते विहार चीनच्या निंगबो शहराजवळ आजही आहे. वय एकसष्ट, आणि कोसभर नव्हे, कितीतरी लांबून पायी आलेला. तरुण दोगेनने त्याला विचारले की, या वयात ध्यान आणि अभ्यास सोडून स्वयंपाकाचे कष्ट का करता? म्हातारा हसला. धम्माचा अभ्यास म्हणजे काय हे तुला अजून कळलेले नाही, अशा अर्थाचे बोलला आणि उद्याच्या स्वयंपाकाला उशीर होईल म्हणून निघून गेला. दोगेनच्या मनात ते राहिले. पुढे १२३७ साली त्यांनी विहाराच्या आचाऱ्यासाठी एक छोटा ग्रंथ लिहिला. किती जण जेवणार, कोण कोणत्या खोलीत आहे, हे नीट मोजल्याशिवाय शिजवू नये, असे त्यात बजावले आहे. शिजवणाऱ्याने आधी माणसे मोजायची.

आम्ही मोजली. आमच्या घरात सहा माणसे आहेत. दुसऱ्या दिवशी ओट्यावर स्टीलच्या सहा वाट्या ओळीने मांडल्या आणि कोणी जेवायला बसायच्या आधी सहाही भरल्या. शेवटच्या दोन वाट्यांवर ताटली झाकून ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "अन् पाव्हणा आला तं?" आम्ही म्हणालो, "आला तर सहाच्या सात करू. सगळ्यांतून एकेक चमचा काढू. एकीचीच अख्खी वाटी उचलणार नाही." त्या पुटपुटल्या, पण दोन दिवसांनी आम्ही बाहेरून आलो तेव्हा त्यांनीच वाट्या मांडून ठेवल्या होत्या. मुलाने एकदा सवयीने दुसऱ्यांदा मागितली. नात म्हणाली, "बाबा, ती आईची आहे." पुढे त्याने कधी मागितली नाही. सांगावे लागले नाही, भांडावे लागले नाही. वाटीच बोलली.

आता ही रीत आम्ही डाळीला, अंड्याला, मटणाच्या दिवशी मटणालाही लावली आहे.

खरे तेवढेच सांगावे

भगिनींनो, एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही भाजी औषध नाही. पालकात आणि तिळात लोह असते, पण भाजीतले लोह शरीर थोडेच उचलते. जेवताना लिंबू पिळले, आवळा किंवा पेरू खाल्ला तर ते जास्त उचलले जाते. जेवणाबरोबर किंवा जेवल्या-जेवल्या चहा घेतला तर कमी. म्हणून चहा तासाभराने घ्यावा. ज्यांचे रक्त फार कमी आहे त्यांना गोळ्या लागतात आणि त्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पूर्ण घ्याव्या लागतात.

आणखी एक. आपल्या विदर्भात सिकलसेलचा आजार आहे आणि आपल्या समाजात तो बऱ्याच घरांत आहे. रक्त कमी निघाले की ही तपासणी सरकारी दवाखान्यात आधी करून घ्यावी. सिकलसेल असलेल्यांनी लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. सूनबाईची तपासणी केली, तिला तो नाही. गोळ्या सुरू झाल्या. मागच्या तपासणीत आकडा दहाच्या वर गेला. त्याचे श्रेय आम्ही पालकाला देत नाही, गोळ्यांचे काम गोळ्यांनी केले. पण वाटी तिला रोज मिळते, एवढे आम्ही ठामपणे सांगू शकतो.

पालक नसेल तेव्हा

उन्हाळ्यात पालक महाग होतो आणि लवकर मरगळतो. तेव्हा बरबटीच्या शेंगा घ्याव्यात. जपानी घरांतही शेंगांचे गोमा-आए आवडीने करतात. शेंगांचे दोन बोटांचे तुकडे करून चार-पाच मिनिटे उकळावे आणि वरच्याच तिळात कालवावे. गाजराच्या बारीक फोडीही चालतात. पावसाळ्यात तांदुळजा आणि कोवळा तरोटा याच रीतीने आम्ही करून पाहिला. तरोट्याला गूळ थोडा जास्त लागतो.

मात्र रानभाजी कुठून खुडता याकडे लक्ष ठेवा. कपाशीवर फवारणी झाली असेल तर त्या वावरातली आणि धुऱ्यावरची भाजी घरी आणू नका. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, ते आपण विसरलेलो नाही. जे विष फवारणाऱ्याला सोडत नाही ते भाजीच्या पानावर बसून पोरांच्या पोटात जाऊ नये.

या आठवड्यात एकदा तरी ही भाजी करून पाहा. तीळ मंद आचेवर भाजा, पालक दोनदा पिळा. आणि गॅस पेटवण्याच्या आधी घरातली माणसे मोजून तितक्या वाट्या ओट्यावर मांडा. त्यात स्वतःची वाटी मोजायला विसरू नका. आम्ही पहिल्या दिवशी पाचच मांडल्या होत्या.

जयभीम.